जुनं आणि नवं, एकाच भांडारातून: रेव्हरंड टिळकांची आठवण

आजचं वाचन: मत्तय १३:५१-५२



आजचं वाचन फक्त दोन वचनांचं आहे. दाखल्यांचा अख्खा अध्याय सांगून झाल्यावर येशू शिष्यांना विचारतो की हे सगळं समजलं का. ते हो म्हणतात. मग तो आणखी एक इवलासा दाखला देतो. जो शास्त्री स्वर्गाच्या राज्याचा शिष्य झाला, तो एखाद्या घरधन्यासारखा असतो. आपल्या भांडारातून तो नव्या वस्तू काढतो आणि जुन्याही.

पेरणारा, मोहरीचा दाणा, खमीर, जाळं हे दाखले आपल्याला पाठ असतात. हा मात्र वाचता वाचता निसटतो. म्हणून आज इथंच थांबू या. दोन गोष्टी बघा. पहिली, हा माणूस शिष्य होण्याआधीच शास्त्री आहे. तो कोरी पाटी घेऊन आलेला नाही. दुसरी, भांडार एकच आहे. जुन्याची खोली वेगळी, नव्याची वेगळी, असं नाही.

हे वचन आज घेण्याला एक कारण आहे. आज ९ मे. १९१९ साली याच दिवशी मुंबईत रेव्हरंड नारायण वामन टिळक वारले. (लोकमान्य नव्हेत. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ही कविता होती ना, तिचे कवी. फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, ते.) या दोन वचनांवर उभं आयुष्य काढलेला माणूस शोधायचा म्हटलं, तर मराठीत मला त्यांच्याइतकं जवळचं दुसरं कुणी सापडत नाही.

आणि दुसरं कारण म्हणजे एका वाचक बहिणीचा प्रश्न. नाव सांगत नाही. ती पुण्यात नोकरी करते, घर मराठवाड्यात. दोन वर्षांपासून ती प्रभूवर विश्वास ठेवते. घरी कळल्यापासून आई जेवायला वाढते, पण बोलत नाही. ती विचारते, देवाला निवडलं म्हणजे आईला सोडायचं का? घरातली भाषा, ओव्या, सणवार, हे सगळं मागं टाकायचं का? याचं उत्तर एका ओळीत देणारे पुष्कळ भेटतात. मला ते एका ओळीत येत नाही. म्हणून आज टिळकांची गोष्ट सांगतो.

शास्त्री आधी, शिष्य नंतर

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा. गाव करजगाव, जिल्हा रत्नागिरी. घर चित्पावन ब्राह्मणाचं. आई लहानपणीच गेली. देवाची ओढ त्यांना आईकडून मिळाली असं म्हणतात. पुढे नाशिकला ते संस्कृत शिकले. पण पोटापाण्यामुळे शिक्षण सलग झालंच नाही. कुठं शिक्षक, कुठं छापखाना, कुठं पुराण-कीर्तन, असं करत ते हिंडत राहिले. एका जागी टिकणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

१८८० साली त्यांचं लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, मनकर्णिका. वय अकरा-बारा. सासरचं नाव लक्ष्मी. हीच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणारी लक्ष्मीबाई टिळक. आज टिळकांबद्दल आपल्याला जे खरंखुरं कळतं, त्यातलं बरंचसं तिच्या पुस्तकामुळेच. आणि तिने नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवलेलं नाही, हे त्या पुस्तकाचं मोठेपण. रागीट, भोळे, हातातला पैसा कुणालाही देऊन टाकणारे, घरात काय शिजणार याची फिकीर नसलेले आणि न सांगता घरातून निघून जाणारे टिळक तिथं भेटतात. साक्ष देताना आपण आपल्या पुढाऱ्यांना फार गुळगुळीत करतो. लक्ष्मीबाईंनी तसं केलं नाही, आणि तरी वाचून झाल्यावर टिळकांवर जीव जडतो.

नागपूरला असताना ते संस्कृत ग्रंथांचं काम करत. धर्माचा विचार सतत चालू होता. जातिभेद त्यांना बोचायचा. देश एक व्हायचा तर आधी धर्म शुद्ध व्हायला हवा, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तोवर ख्रिस्ताचा त्यात कुठं संबंध नव्हता.

आगगाडीतला डबा

१८९३ साल. टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. गप्पा कवितेवरून सुरू झाल्या, मग धर्मावर आल्या. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. टिळकांना ते पटलं नाही. पण पुस्तक वाचीन असा शब्द त्यांनी दिला होता, आणि शब्द पाळायचा म्हणून त्यांनी वाचायला घेतलं.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरच्या प्रवचनाशी, ते अडकले. पुढे जाववेना. वर्षानुवर्षं जे प्रश्न ते मनात घोळवत होते, त्यांची उत्तरं त्यांना तिथं दिसली.

मी हे चुडाव्यात बसून लिहितोय. आमचं गाव पूर्णा-नांदेड मार्गावरचं छोटं स्टेशन. उन्हाळ्यात दुपारी गाडी थांबते, दोन-चार माणसं उतरतात, दोन-चार चढतात, परत सामसूम. टिळकांची ती गोष्ट मला इथं नेहमी जास्त जवळची वाटते. सुवार्ता सांगायची म्हणजे मंच, माईक, बॅनर, लाईव्ह स्ट्रीम, असं आपल्या डोक्यात बसलंय. त्या सहप्रवाशाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याने आधी कवितेवर बोलणं केलं, समोरच्याचं ऐकून घेतलं, आणि एक पुस्तक दिलं. पुढं त्याचं नावसुद्धा लोकांच्या लक्षात राहिलं नाही. पेरणाऱ्याचा दाखला याच तेराव्या अध्यायात आहे. त्या पेरणाऱ्यालाही नाव नाही.

लक्ष्मीबाईंची चार-पाच वर्षं

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. बातमी कळली तेव्हा त्या दुःखाने वेड लागायच्या बेतात होत्या. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण जात गेलेली. म्हणजे सवाष्ण म्हणावं की आणखी काय, हा समाजाला पडलेला प्रश्न. काही काळ त्यांनी पंढरपुरात नातलगांकडे काढला. विठ्ठलाच्या दाराशी बसून त्या रडल्या असतील तर मला त्यात नवल वाटत नाही.

बहिणी, इथं मला थांबून बोलायचंय. आपल्याकडे साक्ष सांगताना ही पानं लोक पटकन उलटतात. टिळकांनी सगळं सोडलं, आमेन, पुढं चला. पण ज्याने सोडलं त्याच्याइतकंच जिला सोडावं लागलं तिचंही आयुष्य देवापुढं मोलाचं आहे. टिळकांचा विश्वास खरा होता, याबद्दल मला शंका नाही. पण त्या निर्णयाचं ओझं त्यांच्या बायकोने वाहिलं, तेही न विचारता तिच्या खांद्यावर टाकलेलं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. विश्वासाचा माणूस सगळ्याच बाबतीत बरोबर असतो असं पवित्र शास्त्रही कुठं म्हणत नाही. अब्राहामाची गोष्ट वाचा, दाविदाची वाचा.

मात्र पुढं काय झालं तेही बघा. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही. ते वाट पाहत राहिले, पत्रं लिहीत राहिले. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई अहमदनगर भागात त्यांच्याकडे आल्या, त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे, संसार करायला. सोवळंओवळं त्यांनी पाळलं, स्वयंपाक आपला वेगळा केला. आणि टिळकांनी त्यांना ते पाळू दिलं. एका घरात एक जण प्रभुभोजनाला जाणारा आणि एक जण दुसऱ्याच्या हातचं पाणी न पिणारी. आजच्या किती घरांत हे जमेल?

मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनात जातीबद्दलच विचार सुरू झाला. जात देवाने केली की माणसांनी? स्वतःशीच वाद घालून त्या एका निर्णयाला आल्या, आणि एकदा आल्यावर मागं वळल्या नाहीत. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्याच्या मागोमाग गेल्या असं लोक म्हणतात, पण त्यांचं लिखाण वाचलं की कळतं, त्या आपल्या पायांनी चालत गेल्या. टिळकांनी दार उघडं ठेवलं, ओढून आत नेलं नाही.

टाळ-मृदंग कुणाचे?

नगरला टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवलं. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. घर कायम भरलेलं. दुष्काळ आणि प्लेगचे ते दिवस. पोरकी मुलं, विद्यार्थी, कवी, येणारेजाणारे. बालकवी ठोंबरेही काही काळ याच घरात राहिले. १९०७ साली जळगावला टिळकांनी पहिलं मराठी कविसंमेलन भरवलं, त्यात त्या कोवळ्या पोराला बालकवी ही पदवी मिळाली. धर्म बदलला म्हणून मराठी कवितेच्या घरातून टिळक बाहेर पडले नाहीत. उलट त्या घराचं अंगण त्यांनीच झाडून दिलं.

आणि चर्चमध्ये? तेव्हा मराठी ख्रिस्ती लोक बऱ्याचदा इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर गात. शब्द मराठी, पण श्वास परका. जीव ओतून गायचं म्हटलं तरी गळ्याला ती चाल आपली वाटत नसे. टिळकांना तुकोबा लहानपणापासून पाठ होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी अभंग, ओव्या, पदं लिहिली. त्यांत ख्रिस्त आई झाला, सखा झाला, गुरू झाला. आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात आजही त्यांची पुष्कळ गीतं आहेत. रविवारी तुम्ही ती गाता, फक्त खाली बारीक अक्षरात छापलेलं नाव वाचत नाही.

कीर्तनाचंही तसंच. नगरकडे ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात टिळकांच्या आधीच झाली होती. टिळकांनी त्यात आपली कविता आणि जीव ओतला. कीर्तनाची रचना जरा बघा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक वचन घेऊन त्याचं निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात, मध्ये लोक गातात. प्रवचनाच्या वर्गात हेच तर शिकवतात: वचन, अर्थ, दृष्टांत आणि मंडळीचा प्रतिसाद. फरक एवढाच की कीर्तनात ऐकणारा गप्प बसत नाही. तोही टाळी वाजवतो, धृपद धरतो. आमच्याकडे सप्ताह बसला की आठ दिवस गाव जागं असतं. ज्यांना अक्षर येत नाही त्या म्हाताऱ्याही अभंगाचा पुढचा चरण आधीच म्हणून मोकळ्या होतात. माझ्या मनात तेव्हा येतं, चाळीस मिनिटांच्या आपल्या प्रवचनातलं किती वाक्य सोमवारी कुणाच्या ओठांवर असतं?

हे काही टिळकांनीच पहिल्यांदा केलं असंही नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ओवीत, आणि ते १६१६ साली छापलं गेलं. म्हणजे मराठी ओवीत येशूची गोष्ट सांगून चारशे वर्षं उलटली. ख्रिस्त आपल्या भाषेत पाहुणा नाही. टिळकांनीही १९०९ च्या सुमारास 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य हाती घेतलं. दहा अध्याय झाले आणि ते गेले. उरलेलं काम लक्ष्मीबाईंनी नेटानं पुढं नेलं. जिला नवऱ्यानंच हट्टानं अक्षरं शिकवली, तिने. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई आठवा. तिला तरी कोणत्या शाळेत ओवी शिकवली होती? जात्यावर बसलेल्या बायकांच्या तोंडी जो छंद होता, त्यातच देवाने मराठीचं भांडार भरून ठेवलं होतं.

गिटार नको, ड्रम नको असं मी म्हणत नाहीये हं. तेही भांडारातलंच आहे, नव्या बाजूचं. घरधनी दोन्ही काढतो. फक्त नवंच खरं आणि जुनं सगळं अंधाराचं असं जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा आपण भांडाराला आपल्या हाताने कुलूप घालतो. आणि जुनं तेवढंच शुद्ध म्हणतो, तेव्हाही.

देवाचा दरबार

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक होते. पगार होता, मान होता. पण मन स्वस्थ नव्हतं. चर्च परदेशी पैशावर आणि परदेशी वळणावर चालतं, गावातला माणूस त्याला साहेबाचा धर्म म्हणतो, हे त्यांना सलत होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला राहून ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून जगायचं ठरवलं. त्यांच्या मनातल्या मंडळीला नाव होतं देवाचा दरबार. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सगळ्यांनी तिथं यावं, बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही, अशी ती कल्पना होती.

त्या वेळच्या पुष्कळ लोकांना हे रुचलं नाही. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यपण कसं, हा प्रश्न खरा होता, आजही आहे. मलाही तो सोपा वाटत नाही. पण टिळक कुणासाठी दार उघडत होते ते विसरू नका. घरात बोलता न येणाऱ्या, रात्री उशाखाली शुभवर्तमान ठेवून झोपणाऱ्या माणसांसाठी. बहिणी, तुझ्यासारख्यांसाठी.

दरबार फार दिवस चालला नाही. तब्येत ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. वय ५७. हिशेब मांडला तर अपुरंच काम दिसेल: महाकाव्य अर्धवट, दरबार अर्धवट, संसार कायम ओढगस्तीचा. पण अर्धवट टाकलेलं पुढं कुणी उचललं ते बघा. ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी उचललं. कीर्तनाला त्या स्वतः उभ्या राहिल्या. एके काळी ज्या बाईने नवऱ्याच्या देवासाठी रक्ताचे अश्रू ढाळले, तिनेच त्या देवाचं नाव लोकांपुढं गायलं. हे टिळकांनी वादात जिंकून मिळवलेलं नव्हतं.

मग आईचं काय?

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. टिळकांच्या आयुष्यातून मला तीन गोष्टी दिसतात.

एक, सत्य लपवू नकोस, पण ते सांगताना समोरच्याला वेळ दे. टिळकांना स्वतःला आगगाडीतल्या डब्यापासून बाप्तिस्म्यापर्यंत दोन वर्षं लागली. लक्ष्मीबाईंना त्यापुढं आणखी पाच लागली. आई तुझ्यापेक्षा दोन वर्षं मागं नाही, तिच्या ताटात हा विषय आत्ता कुठं वाढला गेलाय.

दोन, आई वाढते ना? मग बोलणं बंद असलं तरी नातं बंद नाही. ते ताट मुकाट्याने, आदराने जेव. तिने न विचारता वाढलेली भाकरी हीच सध्या तिची भाषा आहे. आणि दिवाळीला घरी जा. कुठली गोष्ट विवेकाला पटत नाही ती नम्रपणे सांग, पण घर झाडायला, फराळाला हात लावायला, आजीच्या पाया पडायला कुणी अडवलंय? आईबापांचा मान राखण्याची आज्ञा दहांतलीच आहे.

तीन, तिच्या ओव्या ऐक. लिहून घे. त्या तुझ्याही भांडारात आहेत. उद्या तुला प्रार्थना सुचणार नाही अशी रात्र येईल, तेव्हा शिकवलेल्या इंग्रजी वाक्यांपेक्षा आईच्या चालीवरच तुझं मन देवाकडे वळेल, असं मला वाटतं.

आई कधी बोलेल ते मी सांगू शकत नाही. लक्ष्मीबाईंसारखंच सगळं होईल असं वचन मी देणार नाही, कारण ते माझ्या हातात नाही. पण दार उघडं ठेवणं तुझ्या हातात आहे.

आजसाठी: आज रात्री 'उपासना संगीत' उघडा, टिळकांचं एक गीत शोधा आणि हेडफोन न लावता, मोठ्याने गा. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू गेलं तरी चालेल.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या भाषेत तू आमच्याही आधी आलास, त्याबद्दल तुझे उपकार. ज्या घरांत तुझ्या नावावरून अबोला आहे, तिथं तू स्वतः पंक्तीला बस. आम्हाला सत्य धरायला धैर्य दे आणि वाट पाहायला माया दे. जे जुनं तू दिलंस ते आम्ही फेकू नये, जे नवं तू देतोस त्याला आम्ही घाबरू नये. येशूच्या नावाने मागतो. आमेन.